झिओलाइटचे स्फटिक घरी स्वच्छ कसे करावेत: अ‍ॅसिड आणि ऊन टाळून, टप्प्याटप्प्याने

विहिरीच्या खोदकामात किंवा खडीच्या खाणीत स्फटिकांचा तुकडा मिळाला की बहुतेक जण घरी येऊन त्याच दिवशी तीन गोष्टी करतात. नळाखाली धरून दातांच्या ब्रशने खसाखसा घासतात, डाग राहिले तर फरशी धुण्याचं अ‍ॅसिड ओततात आणि मग गच्चीवर कडक उन्हात वाळत घालतात. आठवड्याभरात स्फटिकांची चकाकी जाते, टोकं बोथट होतात, पापुद्रे सुटतात. मग फोटो पाठवून विचारलं जातं, "हे परत चमकवता येईल का?" नाही येत. म्हणूनच हा लेख.

चुकीचं मूळ एकच आहे: गारगोटीची कृती झिओलाइटवर, म्हणजे काळ्या दगडाच्या पोकळ्यांत वाढणाऱ्या पाणीदार खनिजांवर, वापरली जाते. दोन्ही खनिजं सिलिकेटांच्या एकाच मोठ्या कुटुंबातली आहेत. सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, आणि प्रत्येक ऑक्सिजन शेजाऱ्याशी वाटून घेतलेला, असा त्रिमितीय जाळीचा सांगाडा दोघांनाही आहे. फेल्स्पारही याच कुटुंबातला. पण गारगोटीच्या, म्हणजे क्वॉर्ट्झच्या जाळीत नुसतं सिलिकॉन असतं आणि वीण घट्ट असते. झिओलाइटच्या जाळीत काही जागी अ‍ॅल्युमिनियम बसलेलं असतं, शिवाय आत पोकळ वाटा असतात आणि त्या वाटांमध्ये पाणी असतं. स्टिल्बाइट या झिओलाइटच्या वजनाचा साधारण 17 ते 18 टक्के भाग निव्वळ पाणी आहे. अ‍ॅसिड अ‍ॅल्युमिनियमच्या जागा उसवतं, उष्णता आतलं पाणी काढून घेते. खालचे सगळे टप्पे या दोन गोष्टींभोवती आहेत.

## टप्पा 1: खाणीवर, तुकडा काढताना

खाण चालकाची परवानगी आधी घ्या. सुरुंगाचे दिवस आणि वेळा विचारा, आणि नुकत्याच उडवलेल्या दरडीखाली जाऊ नका. पावसाळ्यात तर मुळीच नको. किल्ले, लेणी आणि अभयारण्यातल्या दगडाला हात लावायचा नाही.

स्फटिकांची पोकळी दिसली की हात शिवशिवतात आणि छिन्नी थेट पोकळीच्या काठावर बसते. निम्मे तुकडे इथेच संपतात. छिन्नी पोकळीपासून किमान वीतभर लांब ठेवा आणि भोवतालचा काळा दगड सोबत येऊ द्या. जड झाला तरी चालेल, नंतर कमी करता येतो. डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण या काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची, कपची काचेसारखी उडते.

गुंडाळताना कापूस वापरू नका. सुयांसारख्या स्फटिकांत कापसाचे धागे अडकले की ते काढताना सुया मोडतात. दणकट स्फटिकांना आधी मऊ टिश्यू, मग वर्तमानपत्र. सुयांच्या झुपक्याला मात्र वरून काहीच टेकता कामा नये. मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका घ्या, दगडाचा बूड कागदाच्या बोळ्यांनी चारही बाजूंनी घट्ट करा आणि वरची जागा मोकळी ठेवा. खोका हलवल्यावर आत खडखड झाली, तर पुन्हा बांधा.

तपासणी: निघण्यापूर्वी प्रत्येक खोक्यात चिठ्ठी गेली का? गाव, तालुका, खाण किंवा विहीर, तारीख आणि शक्य असेल तर किती खोलीवरचा थर. नुसतं "नाशिक" किंवा "जळगाव" लिहून भागत नाही. घरी गेल्यावर लिहू म्हटलं की दहा तुकड्यांत कुठला कुठला, हे दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही.

## टप्पा 2: पाण्याआधी ओळख

हा टप्पा वगळला की पुढचं सगळं चुकतं, म्हणून यावर जरा थांबतो. नेमकं नाव नंतर कळलं तरी चालेल. तुकडा कोणत्या ढिगात जातो, एवढं मात्र आत्ताच ठरवा. एक 10 पटीचं भिंग लागेल. काठिण्य तपासायचं असेल तर सुट्या कपचीवर तपासा, मुख्य तुकड्यावर कधीच नाही.

पहिला ढीग, पाणी चालतं. स्टिल्बाइट: मध्ये आवळलेल्या गव्हाच्या पेंढीसारखा, पांढरा किंवा पीचच्या रंगाचा, एका बाजूला शिंपल्याच्या आतल्या भागासारखी झाक. ह्यूलँडाइट: चपटा, मध्ये रुंद आणि टोकांना निमुळता, झाक तशीच. चाबाझाइट: जवळजवळ चौकोनी ठोकळे, पण कोन किंचित तिरपे. अ‍ॅपोफिलाइट: चौकोनी खांब, टोकाला पिरॅमिड किंवा सपाट माथा, माथ्यावर मोत्याची झाक आणि बाजू काचेसारख्या, त्यावर उभ्या रेषा. हा खरं तर झिओलाइट नाही, त्याची रचना थरांची आहे, पण राहतो त्यांच्याच सोबत आणि उष्णतेला त्यांच्याइतकाच घाबरतो. गारगोटी आणि कॅल्साइटही याच ढिगात. गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो. कॅल्साइटच्या कपचीवर व्हिनेगरचा थेंब टाकला की बुडबुडे येतात.

दुसरा ढीग, सुया. स्कोलेसाइट आणि जाडसर मेसोलाइट. एका बिंदूतून फुटणाऱ्या सुयांचे झुपके. पाणी चालतं, ब्रश नाही.

तिसरा ढीग, केस आणि कापूस. मॉर्डेनाइट, बारीक मेसोलाइट, ओकेनाइटचे पांढरे गोळे. (ओकेनाइटही झिओलाइट नव्हे, पण वागवायचा असाच.) पाण्याचा एक थेंबही नको. ओले केस जसे एकमेकांना चिकटतात तसे हे तंतू चिकटतात आणि वाळल्यावर पुन्हा उभे राहत नाहीत.

चौथा ढीग, लॉमोंटाइट. पांढरे किंवा फिकट गुलाबी चौकोनी खांब, टोक तिरपं कापल्यासारखं. खाणीतून काढताना चांगला दिसतो आणि घरी कोरड्या हवेत आतलं पाणी सोडून खडूसारखा भुसभुशीत होतो. शंका असेल तर एक कपची आठवडाभर खिडकीत ठेवा. पांढरी पडून बोटाने चुरली तर तो लॉमोंटाइट, हे जवळजवळ नक्की. तोवर मुख्य तुकडा झाकणाच्या डब्यात ओलसर फडक्यासोबत ठेवा.

एकाच दगडावर दोन ढिगांतली खनिजं असतील, तर नाजूक खनिजाचा नियम लागू करा. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळा कॅव्हान्साइट बहुधा स्टिल्बाइटवर बसलेला असतो. तिथे स्टिल्बाइटला काय चालतं हे न पाहता त्या निळ्या गोळ्याला काय सोसेल ते पाहा.

ओळख पक्की होत नसेल, तर सिन्नरच्या गारगोटी खनिज संग्रहालयात एक दिवस घालवा. पुस्तकातल्या फोटोंपेक्षा प्रत्यक्ष शंभर नमुने पाहून डोळा लवकर तयार होतो.

## टप्पा 3: हिरवा थर मळ समजू नका

दख्खनच्या पोकळ्यांना आतून बऱ्याचदा हिरवा किंवा निळसर-हिरवा मातकट थर असतो. तो बहुधा सेलाडोनाइट असतो, आणि स्फटिक त्याच्यावरच उगवलेले असतात. लोक तो शेवाळ समजून खरवडतात आणि त्याच्यासोबत स्फटिकांचा पायाच निघून येतो. तसंच तांबूस ह्यूलँडाइट आणि पीच रंगाचा स्टिल्बाइट. हा रंग आतला आहे, गंज वरून लागलेला नाही.

तपासणी: भिंगाखाली मोडलेली कड पाहा. रंग कडेच्या आतपर्यंत गेलेला असेल तर तो खनिजाचा आहे, त्याला हात लावू नका. फक्त वर आणि फटींत असेल तर मळ.

## टप्पा 4: जादा दगड काढायचा तर धुण्याआधी

आधी धुतलं आणि मग हातोडा मारला, तर नवी धूळ स्फटिकांत बसते आणि सगळं पुन्हा धुवावं लागतं. म्हणून छाटणी आधी. हातोड्याचा धक्का दगडभर पसरतो आणि स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अ‍ॅपोफिलाइट यांना ठरावीक दिशेने पापुद्रा सुटण्याची खोड आहे. फॅब्रिकेशनवाल्याकडच्या शिकंज्यात दोन टोकदार लोखंडी तुकड्यांमध्ये दगडाची कड धरून हळूहळू आवळली, तर दगड धक्क्याविना तडकतो. कटरने कापू नका. कंप, उष्णता आणि धूळ तिन्ही एकदम होतात.

माझं मत: तुकडा हातात मावत असेल तर छाटूच नका. थोडा जादा काळा दगड शोभून दिसतो, आणि खनिज कुठल्या पोकळीत वाढलं हेही त्यावरून कळतं.

## टप्पा 5: आधी वाळवा, मग भिजवा

पहिल्या ढिगातल्या तुकड्यांवरची चिकट माती ओली असताना काढायला जाऊ नका. सावलीत चार-पाच दिवस पूर्ण वाळू द्या. शेतातलं ढेकूळ आठवा: ओलं ढेकूळ पाण्यात टाकलं तर तसंच राहतं, कोरडं टाकलं तर सूं सूं करत फुटतं आणि विरघळल्यासारखं खाली बसतं. इथेही तेच होतं. वाळलेली माती पाण्यात पडली की आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते आणि जिथे ब्रश पोचला नसता तिथली मातीही सुटते. पहिल्यांदा पाहाल तेव्हा बादलीशेजारून उठवणार नाही.

प्लास्टिकच्या टबात तळाला जाड टॉवेलची घडी घाला. पाणी घरातल्या तापमानाचं घ्या, गरम नको, फ्रिजमधलंही नको. दगड स्फटिकांची बाजू वर ठेवून हळू सोडा. काही तास हलवू नका. मग पाणी बदला. रोज एकदा, तीन-चार दिवस. भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब चालतील. धुण्याचा सोडा, कपड्यांची पावडर, भांडी चमकवायची पावडर, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही नको.

इशारा: सुयांच्या ढिगातला तुकडा भरलेल्या टबात बुडवू नका. रिकाम्या टबात ठेवा आणि कडेने पाणी हळूहळू चढू द्या. काढतानाही तुकडा उचलू नका, पाणीच उपसा. पाण्याची पातळी सुयांवरून झपकन खाली आली, तरी बारीक सुया वाकतात.

## टप्पा 6: घासणं कमी, वेळ जास्त

चार दिवसांनी उरलेली माती काढायला सुई नसलेली सिरिंज आणि चित्रकाराचा मऊ केसांचा ब्रश घ्या. ब्रश बुडाकडून टोकाकडे फिरवा, आडवा नाही. फटींसाठी खराट्याची काडी टोक भिजवून वापरा. टाचणी किंवा दाभण कधीही नको. झिओलाइटचं काठिण्य मोहसच्या 1 ते 10 या मापावर 3.5 ते 5.5 च्या आसपास, पोलाद त्याहून कठीण, त्यामुळे ओरखडा पडतो. गारगोटीवर उलट लोखंडच घासलं जातं आणि राखाडी रेघ मागे राहते.

सुयांवर फक्त सिरिंज, तीही लांबून. आणि माती निघत नसेल तर जोर वाढवू नका, आणखी दोन दिवस भिजवा.

तपासणी: टबाच्या तळाशी पाहा. नुसता गाळ असेल तर ठीक. चकाकणाऱ्या बारीक कपच्या दिसल्या तर तुम्ही खनिजच घासता आहात. थांबा.

## टप्पा 7: शेवटचं पाणी डिस्टिल्ड

ही पायरी लोक अनावश्यक समजतात आणि पुढचा सगळा अनर्थ इथूनच सुरू होतो. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. त्या पाण्याने धुतलेला तुकडा वाळला की पांढरट पापुद्रा दिसतो, अगदी गिझरच्या कॉइलवर किंवा नळाच्या तोंडाशी साचतो तसा. तो क्षारांचा असतो, खनिजाचा नाही. पण बघणाऱ्याला वाटतं, अजून स्वच्छ झालं नाही, आता अ‍ॅसिडच हवं.

बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणा. त्यात तुकडा रात्रभर ठेवा, एकदा बदला. सुयांसाठी पाणी चढवणं-उपसणं इथेही तसंच. हे केलं की पांढरा पापुद्रा बसतच नाही आणि अ‍ॅसिडचा प्रश्न उरत नाही.

## टप्पा 8: डाग आणि अ‍ॅसिड

इथे स्पष्ट सांगतो: झिओलाइट, अ‍ॅपोफिलाइट, कॅल्साइट किंवा कॅव्हान्साइट यांपैकी काहीही दगडावर असेल, तर कोणतंही अ‍ॅसिड नाही. सौम्य नाही, पाच मिनिटांसाठीही नाही.

मी स्वतः स्कोलेसाइटचा एक सुंदर झुपका असा घालवला आहे. बोटभर लांबीच्या सुया, काचेसारख्या. बुडाशी थोडा कॅल्साइट होता, तो काढायला फरशीच्या अ‍ॅसिडमध्ये ठेवला. कॅल्साइट फसफसून गेला. सुयांना काही झालं नाही असं वाटून तासभर अजून ठेवला. बाहेर काढून बोट लावलं तर सुया बुळबुळीत, साबुदाण्याच्या खिरीसारखा थर. त्या थराखाली टोकंच उरली नव्हती. कारण सरळ आहे. स्कोलेसाइटच्या जाळीत दर पाच जागांपैकी दोन जागी अ‍ॅल्युमिनियम असतं. अ‍ॅसिड ते काढून नेतं आणि उरलेलं सिलिका जेली होऊन बसतं. स्टिल्बाइटमध्ये चारांत एक जागा अ‍ॅल्युमिनियमची. तो जरा उशिरा खराब होतो, एवढंच.

ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने गंज जातो, हे खरं आहे आणि म्हणूनच ते जास्त फसवं. झिओलाइटात, अ‍ॅपोफिलाइटात आणि कॅल्साइटात कॅल्शियम असतं. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा पांढरा थर बनवतं, आणि तो काढायला पुन्हा अ‍ॅसिडच लागतं.

निव्वळ गारगोटी किंवा अ‍ॅगेटचा तुकडा असेल, भिंगाखाली दुसरं काहीच दिसत नसेल, तरच ही कृती करा:

1. प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात एक लिटर डिस्टिल्ड पाणी, त्यात 30 ते 40 ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. पाणी आधी, पावडर नंतर.
2. हातमोजे, गॉगल, मोकळी हवा. पावडर विषारी आहे, श्वासात जाऊ देऊ नका. डब्यावर नाव लिहून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. गरम करू नका.
3. दोन ते सात दिवस ठेवा, रोज पाहा.
4. नंतर तितकेच दिवस डिस्टिल्ड पाण्यात, रोज बदलून. जड पाण्यात टाकलं तर इथेही पांढरा थर बसेल.
5. उरलेल्या द्रावात थोडा थोडा चुना मिसळून अ‍ॅसिड मारा, मगच टाका.

इशारा: हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडने गारगोटीही विरघळते, म्हणून काही जण ते सुचवतात. ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करतं आणि जीव घेऊ शकतं. घरात त्याला जागा नाही.

## टप्पा 9: सावलीतलं वाळवण

ऊन नाही, हेअर ड्रायर नाही, ओव्हन नाही, स्वयंपाकघराचा ओटा नाही. तापवलेला स्टिल्बाइट पाणी सोडताना फुगतो आणि उकळल्यासारखा दिसतो. झिओलाइट हे नाव "उकळता दगड" अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून पडलं ते यामुळेच. उन्हात तापलेल्या गच्चीवर इतकं नाट्य होत नाही, पण बारीक तडे जातात, अ‍ॅपोफिलाइटचे पापुद्रे सुटतात आणि पारदर्शकपणा जातो.

कोरड्या टॉवेलवर, पोकळीचं तोंड थोडं खाली येईल असं तिरपं टेकवून, पंख्याच्या थेट झोताबाहेर ठेवा. रोज बाजू बदला. काळा दगड आतून बराच काळ ओला राहतो, त्यामुळे आठवडा लागू शकतो.

तपासणी: स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दोन दिवस लागोपाठ वजन करा. तेच आलं तर वाळला. हे काम हिवाळ्यात करा. पावसाळ्यात दगड वाळायला फार वेळ लागतो आणि दमट हवेत झिओलाइट स्वतःही ओलावा घेतो, त्यामुळे काट्यावर भरवसा ठेवता येत नाही.

## टप्पा 10: केस, कापूस आणि लॉमोंटाइट

तिसऱ्या ढिगाला कॅमेऱ्याच्या लेन्सचा रबरी ब्लोअर, तोही हातभर अंतरावरून. बोट लावायचं नाही. ओकेनाइटचा दबलेला गोळा दबलेलाच राहतो. हे काम बाहेर, एन 95 मास्क लावून करा आणि तोंडाने फुंकू नका. एरिओनाइट नावाचा तंतुमय झिओलाइट श्वासातून फुप्फुसात गेला तर कॅन्सर होऊ शकतो, हे तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियाच्या गावांत दिसून आलेलं आहे. नुसत्या डोळ्यांना एक पांढरा तंतू दुसऱ्यापासून ओळखू येत नाही, म्हणून सगळ्या तंतूंना हीच शिस्त. झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवा आणि झाकण शक्यतो उघडू नका.

लॉमोंटाइट वाळवायचाच नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, डिस्टिल्ड पाण्याने ओला केलेला स्पंजचा तुकडा शेजारी, दगडाला न टेकता. महिन्यातून एकदा बुरशी पाहा. आधीच चुरा सुरू झाला असेल तर तो उलटत नाही. काही संग्राहक अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पातळ अ‍ॅक्रिलिक रेझिन सोडून तुकडा बांधून ठेवतात. केलंत तर चिठ्ठीवर तसं लिहा, पुढच्या माणसाला कळायला हवं.

## टप्पा 11: मांडणी

चमक यावी म्हणून तेल किंवा व्हॅसलीन लावू नका. सच्छिद्र दगड ते पितो, धूळ चिकटते आणि नंतर निघत नाही. कपाटात हॅलोजन दिवा नको, एलईडी चालतो. अ‍ॅमेथिस्ट खिडकीजवळ ठेवला तर वर्षानुवर्षांच्या उन्हाने जांभळा रंग फिका पडतो. मोडलेला स्फटिक चिकटवला असेल तर तेही नोंदवा.

दगडाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचा छोटा ठिपका द्या, वाळल्यावर त्यावर काळ्या शाईने क्रमांक लिहा आणि तोच क्रमांक वहीत. वहीत खोक्यातल्या चिठ्ठीचा मजकूर जसाच्या तसा उतरवा, आणि चिठ्ठीही जपून ठेवा.

पहिल्या पावसाळ्यानंतर प्रत्येक तुकडा एकदा भिंगाखाली पाहा. नवी पांढरी भुकटी दिसली तर आधी तिच्यावर व्हिनेगर लावलेली काडी टेकवा, दगडाला न लावता, कागदावर झाडलेल्या भुकटीवर. बुडबुडे आले तर तो जड पाण्याचा क्षार, पुन्हा टप्पा 7. नाही आले आणि खांब बोटाखाली चुरताहेत, तर तुमच्या स्टिल्बाइटच्या ढिगात एक लॉमोंटाइट शिरलेला आहे. तो आजच डब्यात हलवा.